बिंबाणू आणि कर्करोगाचा प्रवास

रायपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजाला जोडलेले जे मोठे रुग्णालय आहे, त्यास या शहरातील लोक 'मेकाहारा' या आटोपशीर नावाने ओळखतात. त्याच्या आवारातील कर्करोग विभागापुढे सकाळच्या प्रहरी थोडा वेळ उभे राहावे. बस्तरच्या जंगलपट्टीतून, सरगुज्याच्या डोंगराळ मुलखातून, महानदीकाठच्या खेड्यांतून आणि सीमेपलीकडच्या ओडिशातूनही आलेली माणसे तेथे बसलेली दिसतात. त्यांच्यांत तात्यापाऱ्यातील एखादे मराठी कुटुंबही असते. कोणी हलबी बोलतो, कोणी छत्तीसगढी, कोणी मराठी. परंतु डॉक्टरांना विचारावयाचा प्रश्न मात्र पुष्कळदा एकच असतो. "गाठ तर शस्त्रक्रियेने मुळासकट काढली होती. मग दीड वर्षाने तीच व्याधी फुप्फुसात कशी उद्भवली?"

हा प्रश्न अडाणीपणाचा नव्हे. वैद्यकशास्त्र दीडशे वर्षांहून अधिक काळ याच प्रश्नाशी झुंजत आले आहे. मूळ जागेपासून निघून कर्करोगाने दूरच्या अवयवात ठाण मांडावे, या घटनेस शास्त्रीय परिभाषेत 'प्रक्षेप' म्हणतात. कर्करोगाने होणाऱ्या बहुसंख्य मृत्यूंचे कारण मूळची गाठ नसून तिचा प्रक्षेप हे असते. आता या प्रक्षेपाच्या कथेत एक अनपेक्षित पात्र आहे. ते बाहेरून आलेले नाही. आपल्याच रक्तातले आहे. त्या पात्राचे नाव बिंबाणू.

बिंबाणू हा शब्द काही श्रोत्यांना अपरिचित वाटेल. पण 'प्लेटलेट' म्हटले, की ओळख तत्काळ पटेल. २०१८ सालच्या पावसाळ्यात रायपूरशेजारच्या भिलाईत डेंग्यूची मोठी साथ पसरली, तेव्हा घरोघर एकच आकडा विचारला जात होता : प्लेटलेट किती उतरल्या? निरोगी माणसाच्या एका घन मिलिमीटर रक्तात साधारणपणे दीड लाखापासून चार लाखांपर्यंत बिंबाणू असतात. डेंग्यूत ते झपाट्याने घटतात, आणि आकडा पुन्हा चढू लागला, की घरातील माणसे सुटकेचा निःश्वास टाकतात. त्यामुळे बिंबाणू म्हणजे केवळ हितकर्ते, आणि ते जितके अधिक तितके चांगले, अशी आपली सर्वसाधारण समजूत होऊन बसली आहे. ती अपुरी आहे, हे सांगण्यासाठीच आजचे हे विवेचन आहे.

प्रथम बिंबाणूंचा स्वधर्म काय, ते पाहू. अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांतील मगजात, काही प्रचंड आकाराच्या पेशी असतात. त्यांचे तुकडे सुटून रक्तप्रवाहात येतात, तेच बिंबाणू. प्रत्येकाचा व्यास अवघा दोन ते तीन मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दुप्पट-तिप्पट. त्याला केंद्रक नसते आणि आयुष्य आठदहा दिवसांचे. तथापि या अल्पायुषी कणाच्या पोटात नाना प्रकारची द्रव्ये भरून ठेवलेली असतात. विळीवर बोट कापले, की जखमेच्या तोंडाशी बिंबाणू धावून येतात, एकमेकांस चिकटतात, पोटातील द्रव्ये बाहेर टाकतात, आणि फायब्रिन नावाच्या तंतूंच्या जाळ्याच्या साहाय्याने भगदाड बुजवितात. रक्त थांबल्यावरही त्यांचे काम संपत नाही. नव्या पेशींची वाढ व्हावी, नव्या केशवाहिन्या फुटाव्यात, यासाठी लागणारी द्रव्येही तेच पुरवितात. इटालियन शास्त्रज्ञ ज्यूलिओ बिझ्झोझेरो यांनी १८८२ साली बिंबाणूंना रक्तातील स्वतंत्र घटक म्हणून स्थान दिले आणि रक्त साकळण्यातील त्यांचे कार्य दाखवून दिले.

परंतु रक्ताचे साकळणे आणि कर्करोग यांच्यात काही गुप्त नाते आहे, अशी शंका त्यापूर्वीच एका फ्रेंच वैद्यास आली होती. पॅरिसमधील आर्मां त्रूसो यांनी १८६५ साली आपल्या व्याख्यानात असे प्रतिपादन केले, की एखाद्या रोग्याच्या शिरेत उघड कारणावाचून रक्ताची गुठळी झाली, तर त्याच्या शरीरात कोठेतरी कर्करोग दडून बसला असण्याचा संभव ध्यानात घ्यावा. दोन वर्षांनी, १८६७ साली, त्यांच्या स्वतःच्याच शिरेत तशी गुठळी झाली. तिचा अर्थ काय, हे त्यांना दुसऱ्या कोणी सांगण्याची गरज नव्हती. आपले निदान त्यांनी आपणच केले, आणि त्याच वर्षी जठराच्या कर्करोगाने त्यांचा अंत झाला. आज वैद्यकात या लक्षणास त्रूसो यांचेच नाव आहे.

यानंतरचा महत्त्वाचा टप्पा समजून घेण्यासाठी मी आपणांस छत्तीसगढच्या शेतावर नेतो. या प्रदेशास 'धानाचा कटोरा' म्हणतात. येथे पुष्कळ शेतकरी रोपे न लावता पावसाच्या आरंभी धान सरळ शेतात फोकून पेरतात. भंडारा-गोंदियाकडील मंडळी या पद्धतीस 'आवत्या' म्हणतात. मुठीतून सुटलेला प्रत्येक दाणा उगवतो, असे थोडेच आहे? काही दगडावर पडतात, काही पाण्याबरोबर वाहून जातात, पुष्कळ पाखरे टिपतात. जो दाणा योग्य जमिनीत पडला, तोच रुजतो. लंडनचे शस्त्रवैद्य स्टीफन पॅजेट यांनी १८८९ साली कर्करोगाच्या प्रक्षेपासंबंधी अगदी हाच दृष्टान्त योजला. स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवचिकित्सेचे वृत्तांत त्यांनी तपासले. त्यांपैकी २४१ जणींच्या यकृतात रोगाचा प्रक्षेप झालेला होता. प्लीहेत मात्र केवळ १७ जणींच्या. प्लीहेसही रक्ताचा भरपूर पुरवठा असतो. तेव्हा रक्ताने बी कोठे वाहून नेले, एवढ्यावर सारे अवलंबून नसून, जमीन कोणती हेही तितकेच महत्त्वाचे आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

पॅजेट यांनी बी पाहिले आणि जमीन पाहिली. परंतु मुठीतून सुटल्यापासून मातीत रुजेपर्यंत त्या बियाचे काय होते, हा प्रश्न मागे उरला. कर्कपेशीच्या बाबतीत हा मधला प्रवास अतिशय बिकट असतो. मूळ गाठीतून सुटून ती रक्तवाहिनीत शिरली, की वेगवान प्रवाहाचे तडाखे तिला सोसावे लागतात. ती आकाराने मोठी, आणि केशवाहिनीची वाट तिच्याहून अरुंद. त्यामुळे ती चेपली जाते, फुटते. शिवाय आपल्या रक्तात पांढऱ्या पेशींपैकी एक जात अशी आहे, की परक्या किंवा बिघडलेल्या पेशी हुडकून त्यांचा नाश करणे हेच तिचे काम. त्यांना नैसर्गिक मारक पेशी म्हणतात. शेतावरील पाखरांप्रमाणे त्या हे बी टिपून टाकतात. अमेरिकेतील आयझाया फिडलर यांनी १९७० साली किरणोत्सर्गी आयोडीनने खूण केलेल्या कर्कपेशी उंदरांच्या रक्तात सोडल्या. एका दिवसात त्यांतील बहुतेक सर्व नाश पावल्या. प्रत्यक्ष गाठ धरण्यापर्यंत हजारी एकही पेशी पोचली नाही.

आपल्या शरीराचा बंदोबस्त असा कडक आहे. मग जी एखादी पेशी निसटते, ती कशाच्या बळावर? उत्तराचा पहिला ठोस धागा १९६८ साली हाती आला. अमेरिकेतील गॅब्रिएल गॅसिक आणि त्यांचे सहकारी यांनी उंदरांच्या रक्तातील बिंबाणू कृत्रिम उपायांनी अतिशय कमी केले आणि मग त्या उंदरांना कर्कपेशी टोचल्या. फुप्फुसात नेहमीपेक्षा पुष्कळ कमी गाठी झाल्या. त्याच उंदरांना बाहेरून बिंबाणू पुरविले, तेव्हा हे संरक्षण नाहीसे झाले. याचा अर्थ स्पष्ट होता. बिंबाणू या प्रवासाचे तटस्थ साक्षीदार नव्हते. ते प्रवाशाला साहाय्य करीत होते.

हे साहाय्य कसे घडते, याचा उलगडा पुढल्या काळात टप्प्याटप्प्याने होत गेला. पुष्कळ कर्कपेशींच्या पृष्ठावर एक असे द्रव्य असते, की जे एरवी रक्तवाहिनीच्या बाहेरील ऊतकांत असते आणि केवळ जखम झाली तरच रक्ताच्या संपर्कात येते. ते द्रव्य दिसताच रक्ताची अशी कल्पना होते, की येथे वाहिनी फाटली आहे. मग नित्याच्या कर्तव्यबुद्धीने बिंबाणू धावतात आणि त्या पेशीभोवती गोळा होऊन तिच्यावर आपले व फायब्रिनचे आवरण चढवितात. धानाच्या दाण्यावर चिखलाचा लेप बसावा, आणि पाखराला तो दाणा दिसूच नये, तसा हा प्रकार. बिंबाणूंच्या या कवचामुळे मारक पेशींचा हल्ला निष्प्रभ होतो, हे जर्मन संशोधकांनी १९९९ साली दाखविले. पुढे असेही आढळले, की बिंबाणू आपल्या पृष्ठावरील 'स्वकीय' असल्याची खूण कर्कपेशीला चिकटवितात. पहारेकऱ्याने शत्रूच्या अंगावर आपलाच गणवेश चढवावा, असे हे घडते.

साहाय्य येथेच थांबत नाही. बिंबाणू चिकटे असल्यामुळे कर्कपेशीला वाहिनीच्या भिंतीला धरून राहता येते. प्रवाह तिला वाहून नेत नाही. मग बिंबाणूंच्या पोटातून सुटणाऱ्या एका द्रव्याने भिंतीच्या पेशींमधील सांधे सैल होतात आणि कर्कपेशीला बाहेर पडावयास वाट मिळते. ही गोष्ट २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून पुढे आली. सर्वांत विस्मयकारक शोध २०११ सालचा. अमेरिकेतील मिरियम लाबेल आणि रिचर्ड हाइन्स यांना असे दिसून आले, की बिंबाणूंच्या अल्पकाळच्या सहवासाने कर्कपेशीचा स्वभावच पालटतो. एका जागी बांधलेली पेशी सैल, फिरती आणि आक्रमक होते. हा पालट घडविणारे द्रव्य तेच, की जे जखम भरून येताना पेशींना हालचालीची आज्ञा देते. बिंबाणूंतून ते द्रव्य काढून टाकलेल्या उंदरांत प्रक्षेप कमी झाला.

आणि हा व्यवहार एकतर्फीही नाही. अंडाशयाच्या कर्करोगाच्या ६१९ स्त्रियांचा अभ्यास डॉ. अनिल सूद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केला. त्यांतील ३१ टक्के रुग्णांत निदानाच्या वेळीच बिंबाणूंची संख्या साडेचार लाखांच्या वर गेलेली होती, आणि अशा रुग्णांचे आयुर्मान इतरांपेक्षा कमी भरले. कारण शोधता असे आढळले, की कर्काची गाठ एक संदेशद्रव्य सोडते. ते यकृतात पोचते. यकृत त्याच्या सांगण्यावरून अस्थिमज्जेला बिंबाणू वाढविण्याचा हुकूम देते. आणि वाढलेले बिंबाणू पुन्हा गाठीचे पोषण करतात. हॅरल्ड ड्वोराक या अमेरिकन रोगविज्ञाने १९८६ साली कर्काच्या गाठीस कधीही न भरणाऱ्या जखमेची उपमा दिली होती. ती किती यथार्थ होती, हे येथे ध्यानात येते. शरीर जखम समजून अखंड मलमपट्टी करीत राहते, आणि ती मलमपट्टी रोगाच्याच कामी येते.

आता साहजिकच आपण विचाराल, की मग बिंबाणूच नाहीसे करावेत! पण हा उपाय रोगाहून भयंकर ठरेल. बिंबाणूंवाचून मनुष्य अंतर्गत रक्तस्रावाने दगावेल. कर्करोगावरील प्रखर औषधांनी बिंबाणू फार उतरतात, तेव्हा रुग्णास बाहेरून बिंबाणू द्यावे लागतात. ते त्याच्या प्राणरक्षणासाठीच असतात, आणि आजचे हे विवेचन ऐकून कोणी ते नाकारू नयेत. शास्त्रापुढील खरी कसोटी निराळी आहे. बिंबाणूंचा स्वधर्म शाबूत ठेवून कर्कपेशीशी जडलेली त्यांची मैत्री तेवढी तोडावयाची, हे कसे साधावे?

या प्रयत्नांत सर्वांच्या परिचयाचे एक औषध केंद्रस्थानी आले आहे. ते म्हणजे ॲस्पिरिन. ते शरीरात कसे कार्य करते, हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली उलगडले. त्यांना १९८२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. बिंबाणूंना एकत्र जमविणारे थ्राँबॉक्सेन नावाचे द्रव्य ॲस्पिरिनमुळे तयार होत नाही. बिंबाणूला केंद्रक नसल्याने गमावलेले विकर त्याला पुन्हा घडविता येत नाही. म्हणून एक लहानशी मात्राही त्याच्या उभ्या आयुष्याला पुरते. हृदयविकारासाठी ॲस्पिरिन घेणाऱ्या लोकांच्या जुन्या नोंदी ऑक्सफर्डच्या पीटर रॉथवेल यांनी तपासल्या. त्यांत कर्करोगाचा प्रक्षेप कमी आढळतो, असे त्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केले. २०२५ साली केंब्रिजच्या संशोधकांनी या निरीक्षणामागील एक कारण उंदरांवरील प्रयोगांतून उकलले. बिंबाणूंचे थ्राँबॉक्सेन शरीरातील लढाऊ टी-पेशींना मंद करते; ॲस्पिरिनने ते घटले, की त्या पेशी पुन्हा हुशार होतात आणि नुकत्याच रुजू पाहणाऱ्या कर्कपेशींचा समाचार घेतात.

परंतु प्रयोगशाळेतील आशा आणि रुग्णाच्या अंथरुणापाशी येणारा अनुभव यांत अंतर असते. स्तनाच्या कर्करोगाच्या तीन हजारांवर रुग्णांवर अमेरिकेत ॲस्पिरिनची चाचणी झाली. तिचा निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाला, तो निराशाजनक होता. ॲस्पिरिनने रोग परतण्यास आळा बसला नाही. उलट २०२५ साली स्कँडिनेव्हियन देशांतून मोठ्या आतड्याच्या कर्करोगासंबंधी वृत्त आले, की ज्यांच्या गाठीत एक विशिष्ट आनुवंशिक बदल आहे, अशा रुग्णांना तीन वर्षे रोज १६० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिल्यास रोग परतण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर येते. म्हणजे हे औषध सरसकट सर्वांसाठी नाही. कोणाच्या गाठीसाठी ते आहे, हे तपासूनच ठरवावे लागते.

हे सारे दूरदेशीचे कार्य आहे आणि आपला त्याच्याशी संबंध नाही, असे मात्र कोणी मानू नये. मुंबईत १९५२ साली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले, त्याचे पहिले संचालक डॉ. वसंत रामजी खानोलकर. आपल्या देशातील मुखाच्या कर्करोगाचे आणि तंबाखूचे नाते तपासण्याच्या कार्यास त्यांनीच शास्त्रीय बैठक दिली. त्यांच्या शिष्या, पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे, यांनी त्या केंद्रात पेशी शरीराबाहेर काचपात्रात वाढविण्याची प्रयोगशाळा उभारली. कर्कपेशीचे वर्तन न्याहाळावयाचे, तर ही विद्या हवीच. बिंबाणूंसंबंधीचे कितीतरी प्रयोग याच विद्येच्या आधारावर जगात झाले आहेत. आणि शस्त्रक्रियेनंतर ॲस्पिरिन दिल्याने रोगाचे परतणे टळते काय, हे पाहण्यासाठी ब्रिटनमध्ये २०१५ साली हजारो रुग्णांवरील जी मोठी चाचणी सुरू झाली, तीत मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या द्वारे भारतीय रुग्णांनीही भाग घेतला आहे.

तेव्हा ऐकणाऱ्याने काय ध्यानात धरावे? पहिली गोष्ट : वैद्याच्या सल्ल्यावाचून कर्करोगासाठी ॲस्पिरिन घेऊ नये. त्याने जठरातून, क्वचित मेंदूतही, रक्तस्राव होऊ शकतो. पावसाळ्यातील तापात तर ते विशेष धोक्याचे. ताप डेंग्यूचा निघाला, तर आधीच उतरलेले बिंबाणू आणखी निकामी होतात. दुसरी गोष्ट : कर्करोगाच्या रुग्णाचा एकच पाय एकाएकी सुजला, दुखू लागला किंवा त्यास अकस्मात धाप लागली, तर अशक्तपणा समजून घरी थांबू नये. ती शिरेतील गुठळी असू शकते, आणि वेळीच औषध मिळाले तर प्राण वाचतात. तिसरी गोष्ट : तपासणीत बिंबाणू थोडे अधिक दिसले, म्हणून कोणी धास्ती घेऊ नये. साधा संसर्ग किंवा शरीरातील लोहाची कमतरता, अशा कारणांनीही ते वाढतात. अर्थ लावण्याचे काम डॉक्टरांचे.

आता मेकाहाराच्या व्हरांड्यातील त्या प्रश्नाकडे परत येऊ. गाठ मुळासकट काढली, हे खरे. शस्त्रवैद्याच्या हातून काही उणे राहिले, असे मानण्याचे कारण नाही. परंतु शस्त्रक्रियेपूर्वीच काही पेशी प्रवासास निघून गेल्या असाव्यात. त्यांतील बहुतेक वाटेत मेल्या. एखादी मात्र आपल्याच रक्ताने जखमेची मलमपट्टी म्हणून दिलेल्या पांघरुणाखाली सुखरूप पोचली आणि वेळ आल्यावर उगवली. यात रुग्णाचा दोष नाही आणि त्याच्या घरच्यांचाही नाही. ज्या अपराधी भावनेने ही माणसे मान खाली घालून बसलेली असतात, तिला या ज्ञानाने थोडा जरी उतार पडला, तरी ते ज्ञान कारणी लागले असे म्हणता येईल.

तथापि प्रवासास निघालेली पेशी वाटेत गाठण्यापेक्षा तिला निघूच न देणे केव्हाही सुलभ. छत्तीसगढात दात घासण्यासाठी गुडाखू वापरण्याची चाल फार आहे. तंबाखू आणि गूळ यांचा हा लगदा सकाळ-संध्याकाळ हिरड्यांवर चोळला जातो, घरातील स्त्रियाही तो चोळतात, आणि त्याला कोणी व्यसन समजत नाही. आपल्या महाराष्ट्रात मिश्री आणि खर्रा यांची तीच कथा आहे. तोंडातील जो व्रण दोनतीन आठवड्यांत भरत नाही, जो पांढरा किंवा लाल चट्टा जात नाही, तो त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावा. त्या वेळी गाठ बहुधा लहान असते, एका जागी असते, आणि तिच्यातील पेशींना अद्याप रक्ताची वाट सापडलेली नसते.